आधी पाणसळ, मग डायल
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मेट्रॉलॉजीच्या जर्नलमध्ये 'मिलिंग मशीनची अलाइनमेंट टेस्ट' नावाचं एक प्रॅक्टिकल असतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते सबमिशनच्या आदल्या रात्री, मेसमधून जेवून आल्यावर, रूम पार्टनरच्या जर्नलवरून उतरवलेलं असतं. त्यात सगळी रीडिंग्ज ०.०१ नाहीतर ०.०२ असतात आणि शेवटी 'मशीन परवानगीच्या मर्यादेत आहे' असा निष्कर्ष असतो. मीही तसंच लिहिलं होतं. पण मागच्या दिवाळीत पेठला घरी गेलो तेव्हा हेच प्रॅक्टिकल खरोखर करायची वेळ आली, आणि तिथे उतरवून घ्यायला कोणाचं जर्नल नव्हतं.

पेठ म्हणजे नाशिकपासून पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटर, सावळघाट ओलांडून गुजरातच्या बाजूचं तालुक्याचं गाव. भाताचा आणि नागलीचा मुलूख. आमच्या घराच्या पडवीत काकांचं वर्कशॉप आहे: एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, वेल्डिंग सेट. भाताच्या हलरचे शाफ्ट, पिठाच्या गिरणीची पुली, पंपाचं बेअरिंग, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हुक अशी कामं येतात. चार वर्षांपूर्वी काकांनी सातपूरहून एक जुनं व्हर्टिकल मिलिंग मशीन घेतलं, सुटं करून टेम्पोत घालून घाटातून आणलं आणि पडवीत उभं केलं. हलरच्या शाफ्टला कीवे पाडण्यापुरतं ते झकास चाललं. मग नाशिकच्या एका पुरवठादाराकडून मोटारच्या बेसप्लेटचं काम मिळालं. ४० प्लेट दिल्या, त्यातल्या २६ परत आल्या. पृष्ठभागावर पन्हळी पडल्या होत्या आणि कडा काटकोनात नव्हत्या. मालाचे पैसे बिलातून कापले गेले. पुढच्या वेळी नमुन्याच्या १० प्लेट आणा, त्या बसल्या तर बघू, नाहीतर काम बंद, असा निरोप.

काका म्हणाले, "मशीनच गेलंय रे. भंगारात घालू, आपलं लेथवर पोट चालतंच की."

मी म्हटलं, "काका, विकायच्या आधी मोजून तर बघू. तुम्ही चार वर्षांत एकदा तरी त्याच्यावर डायल फिरवली का?"

"डायल आहे कुठे आपल्याकडे?"

तीही गोष्ट खरीच होती. वर्कशॉपच्या सरांकडून डायल गेज, मॅग्नेटिक बेस आणि प्रिसिजन लेव्हल रजिस्टरवर सही करून आणली. सर एवढंच म्हणाले, "पडली तर तूसुद्धा तिच्याबरोबर पड."

आता मुख्य मुद्दा. मिलिंग मशीन सरळ करायचं म्हणजे स्पिंडल टेबलाशी काटकोनात आणायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. या कामाला ट्रॅमिंग म्हणतात. स्पिंडलमध्ये आडवा दांडा बसवून त्याला डायल लावायची, स्पिंडल हाताने फिरवायचा (मेन स्विच बंद करून, हे सांगायला नको), आणि डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे टेबलावर रीडिंग घ्यायचं. चारही सारखी आली की झालं. मी आल्याआल्या हेच केलं. दांडा १५० मिमी, म्हणजे वर्तुळ ३०० मिमीचं. डावीकडे ०, उजवीकडे ०.४२! पुढे-मागे ०.१५. गावात माप सुतात चालतं आणि सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी म्हणजे एक सूत. त्या हिशेबाने ०.४२ काहीच नाही. पण याचा परिणाम काय होतो ते बघा.

आमचा फेस कटर ६३ मिमीचा. ३०० मिमीला ०.४२, तर ६३ मिमीला ०.०८८. स्पिंडल ज्या दिशेला कलला असेल त्याच दिशेने टेबल चालवलं, तर कटरची एकच कड खाली घासते आणि पृष्ठभाग मधे खोल, कडांना उंच असा कापला जातो. ही खोली वरच्या आकड्याच्या निम्मी, म्हणजे ०.०४४. कटरच्या दोन-तीन फेऱ्या शेजारी-शेजारी मारल्या की कौलासारख्या पन्हळी तयार. स्पिंडल फीडच्या आडव्या दिशेला कलला असेल तर पन्हळी नाही, पायरी पडते. आमच्या पुढे-मागेच्या ०.१५ मुळे दर फेरीला ०.०३ ची पायरी येत होती. नख फिरवलं की दोन्ही हाताला लागत होतं. परत आलेल्या प्लेटवर कटरच्या खुणासुद्धा एकाच बाजूच्या कमानी होत्या. स्पिंडल सरळ असेल तर कटर पुढच्या कडेने आणि मागच्या कडेनेही हलकं घासतो, त्यामुळे खुणा एकमेकींना छेद देतात. म्हणजे डायल नसली तरी प्लेटच सांगत होती, आम्हाला वाचता येत नव्हतं.

मग मी हेडचे बोल्ट सैल केले आणि दीड दिवस खपून डावी-उजवीकडचा फरक ०.०१ वर आणला. पुढे-मागेचं काही करता येईना, कारण या मशीनचं हेड फक्त डावी-उजवीकडे वळतं. काकांनी एक तुकडा फेस करून बघितला. पन्हळ गेली, पायरी तशीच. मग मला आठवलं की लेव्हल आणलेली आहे, ती तरी लावून बघू. तिथून खरी गोष्ट सुरू झाली, आणि माझा दीड दिवस पाण्यात गेला.

प्रिसिजन लेव्हल म्हणजे गवंड्याची पाणसळच, पण फार चिकित्सक. तिचा एक भाग म्हणजे एक मीटरला ०.०२ मिमी. एवढ्या नाजूक वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा? ठेवायचाच नाही. टेबलावर ठेवून रीडिंग घ्यायचं, मग त्याच जागी ती उलट फिरवून ठेवायची, डावं टोक उजवीकडे. समजा पहिल्यांदा बुडबुडा ३ भाग उजवीकडे आणि फिरवल्यावर १ भाग उजवीकडे. तर टेबलाचा खरा उतार दोन्हींची सरासरी, म्हणजे २ भाग, आणि लेव्हलची स्वतःची चूक १ भाग. चुकीच्या साधनाने बरोबर माप घ्यायची ही युक्ती पुस्तकात दोन ओळीत असते, पण या सगळ्या कामाचा जीव तिच्यातच आहे. सरळपणा कुठून तरी उसना आणता येत नाही. व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत सपाट पृष्ठभाग बनवण्याची रीत मांडली, तिच्यातही हेच आहे. दोन प्लेट एकमेकींवर जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या छान बसतात. तीन प्लेट आलटून-पालटून जुळवल्या तर ही लबाडी चालत नाही, तिन्हींना सपाट व्हावंच लागतं.

मशीन अगदी पाण्यासारखं समपातळीत हवं असं नाही, ते जहाजावरसुद्धा चालतं. लेव्हल लावायची ती बेसला पीळ पडलाय का हे बघायला. रीत अशी: सगळे फाउंडेशन बोल्ट सैल करायचे, लेव्हल टेबलावर ठेवायची आणि एकेक बोल्ट हळूहळू आवळायचा. आवळताना बुडबुडा हलला तर त्या पायाखाली पोकळी आहे. बोल्ट मशीनला वाकवून जमिनीला टेकवतोय. तिथे पोकळीएवढी शिम घालायची. आमच्याकडे मागच्या डाव्या पायाचा बोल्ट आवळला की बुडबुडा चक्क पळायचा. पायाखाली बघितलं तर घडी घातलेला पत्रा आणि त्याच्याखाली टायरच्या ट्यूबचा तुकडा.

"हादरे बसू नयेत म्हणून घातला होता," काका म्हणाले.

रबर काढलं. कोबा चांगला जाड होता, म्हणून फक्त शिमवर भागलं. पोकळी फीलर गेजने मोजून पत्र्याच्या पट्ट्या कापल्या. संध्याकाळपर्यंत कुठलाही बोल्ट आवळला तरी बुडबुडा जागचा हलेना.

यानंतर गिब. टेबल, सॅडल आणि नी हे तिन्ही भाग डोव्हटेलवर सरकतात, आणि त्या फटीत एक निमुळती पट्टी असते ती गिब. झिजल्यावर ती स्क्रूने आत ढकलायची असते. बऱ्याच वर्कशॉपात तिला कोणी हात लावत नाही. नी म्हणजे गुडघा. टेबलाचं आणि जॉबचं सगळं वजन घेऊन तो कॉलमला पुढच्या बाजूला लोंबकळत असतो. त्याची गिब सैल असेल तर तो पुढे झुकतो, आणि पुढे-मागेचं रीडिंग बिघडतं. आमची ०.१५ इथली होती. टेबलाच्या पुढच्या कडेखाली हात घालून उचललं की डायलची सुई ०.०८ हलायची. गिब थोडी आवळायची, नी पूर्ण वर-खाली फिरवून बघायचा, परत थोडी आवळायची. जास्त आवळली की तेल पिळून निघतं, हँडल जड होतं आणि टेबल एकसारखं न सरकता धक्के देत सरकतं. चार वर्षांत झीज मधल्या भागात जास्त झालेली असते, म्हणून मधे बरोबर बसवलेली गिब टोकाला जाम होते. तडजोड करावी लागते. आम्ही टोकाला किंचित जड ठेवली.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. हँडल फिरवलं तरी टेबल लगेच हलत नाही, तो लीड स्क्रूचा बॅकलॅश. त्याचा गिबशी संबंध नाही. गिब आवळून बॅकलॅश जात नाही, उलट गिब जाम होते. बॅकलॅशवर उपाय म्हणजे नेहमी एकाच बाजूने येऊन माप धरायचं, आणि जुन्या मशीनवर क्लाइम्ब मिलिंगच्या नादी लागायचं नाही. नाहीतर कटर जॉबला आपल्याकडे ओढतो आणि दात तुटतो.

स्पिंडलची तपासणी लवकर झाली. आतला टेपर पुसला (त्यात वाळलेल्या कूलंटचा थर होता), डायलचं टोक टेपरला टेकवून स्पिंडल फिरवला. धाव ०.०१ च्या आत. बेअरिंग शाबूत होती. ती खराब असती तर बाकी सगळं करून उपयोग नव्हता.

त्यानंतर जे बघायचं ते जर्नलमध्ये असतं पण आपण वाचत नाही: नी वर-खाली ज्या रेषेत जातो ती टेबलाशी काटकोनात आहे का? हेडने ही चूक दुरुस्त होत नाही. काकांनी लेथवर ८० व्यासाचा आणि २०० उंचीचा एक गोल ठोकळा टर्न केला, बुडाचा मधला भाग किंचित खोल ठेवून, म्हणजे तो कडेवर उभा राहील. तो टेबलावर उभा केला, डायल स्पिंडलमध्ये धरून नी वर नेला आणि रीडिंगमधला फरक बघितला. मग ठोकळा १८० अंशात फिरवून परत तेच. पुन्हा लेव्हलचीच युक्ती, दोन्हींची सरासरी म्हणजे मशीनची चूक, उरलेली ठोकळ्याची. आमची २०० मिमीला ०.०२ आली, टेबलाची पुढची बाजू वर. हे चालतं. टेबल पुढे खाली झुकलेलं चालत नाही, पण किंचित उचललेलं चालतं. जॉबच्या वजनाने आणि झिजेने ते पुढे खालीच जाणार आहे. जर्मनीच्या श्लेसिंगरने १९२७ मध्ये मशीन टूल्स तपासायची जी पद्धत छापली, तिच्यावरून पुढे जगभर तक्ते बनले, आणि आपल्या लॅबच्या भिंतीवर लटकणारा तक्ताही त्याच वळणाचा आहे. त्यात प्रत्येक मर्यादेला दिशा का दिलेली असते हे मला त्या दिवशी पडवीत बसून कळलं.

एवढं झाल्यावर ट्रॅम परत बघितला. दीड दिवस खपून आणलेला ०.०१ आता ०.०६ झाला होता. पुढे-मागेचा मात्र हात न लावता ०.१५ वरून ०.०३ वर आला होता, तोही बरोबर दिशेने. पायरीचा प्रश्न हेडमध्ये नव्हताच.

डावी-उजवीकडचा ट्रॅम दुसऱ्यांदा पाऊण तासात झाला, कारण काही गोष्टी तोवर कळल्या होत्या. टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये डायलचं टोक अडकतं, म्हणून टेबलावर मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठेवायची. ६२२० नंबरच्या बेअरिंगची रिंग १८० मिमीची असते, तिच्या दोन्ही बाजू ग्राइंड केलेल्या आणि समांतर असतात, आणि भंगारवाल्याकडे ती किलोवर मिळते. वर्तुळ लहान झालं म्हणून मर्यादाही त्याच प्रमाणात लहान धरायची, एवढं विसरायचं नाही. दांडा लांब असल्याने वाकेल ही भीती नको. स्पिंडल उभा असताना तो सगळीकडे सारखाच वाकतो, त्यामुळे फरकात येत नाही. हेडचे बोल्ट पूर्ण सैल करायचे नाहीत, लाकडी हातोडीने टिचकी मारल्यावर सरकेल इतपतच. हेड स्पिंडलच्या टोकाभोवती फिरत नाही, वरच्या पिव्हटभोवती फिरतं, त्यामुळे एक बाजू शून्यावर आणायला गेलं की दोन्ही आकडे बदलतात. दोन्हींच्या मधला आकडा धरून त्याच्याकडे जायचं. शेवटी बोल्ट कर्णात थोडे-थोडे आवळायचे आणि सुईकडे बघत राहायचं, कारण शेवटच्या आवळण्यात ती हमखास सरकते. आणि हे सगळं नी आणि सॅडलचे लॉक लावून. काम करताना लॉक लावतो, तर मोजतानाही लावलेले पाहिजेत. ३०० मिमीला ०.०२ वर आम्ही थांबलो.

राहिला व्हाइस. कडा काटकोनात का येत नव्हत्या याचं उत्तर तिथे होतं. काका व्हाइस गुण्याने लावत. गुण्या कॉलमला टेकवायचा आणि जबडा डोळ्याने जुळवायचा. स्थिर जबड्यावर डायल धरून टेबल सरकवलं तर १०० मिमीला ०.०९. एक बोल्ट घट्ट, दुसरा अर्धवट ठेवून तांब्याच्या हातोडीने ठोकत ०.०१ वर आणला. पण याने फक्त एकच काटकोन सुधारतो. दुसरा बिघडतो तो सरकत्या जबड्यामुळे. तो आवळताना किंचित वर उचलला जातो आणि जॉबला आपल्याबरोबर तिरपा करतो, मग जॉबची तयार बाजू स्थिर जबड्याला नीट टेकतच नाही. जॉब आणि सरकता जबडा यांच्यामध्ये एक गोल सळई आडवी धरली की दाब एकाच रेषेत येतो आणि तयार बाजू स्थिर जबड्याला चिकटून बसते. काकांना ही सळईची गोष्ट सगळ्यात आवडली. बाकी सगळ्यासाठी कॉलेजची डायल लागली, याला फक्त १२ ची सळई लागली.

आमच्या तालुक्याला लागू असलेल्या दोन गोष्टी राहिल्या. आमची पडवी पत्र्याची, आणि दुपारी ऊन मशीनच्या मागच्या बाजूवर येतं. बीडाचा ६०० मिमी उंच आणि २०० मिमी खोल कॉलम पुढच्यापेक्षा मागे १ अंशाने जरी गरम झाला, तरी तो वाकून ३०० मिमीला सुमारे ०.०१ चा फरक पाडतो. हे गणित मी हॉस्टेलवर परत आल्यावर केलं. पडवीत फक्त एवढंच दिसत होतं की सकाळचं रीडिंग दुपारी जुळत नाही. आता मागे गोणपाटाचा पडदा आहे आणि मापाचं काम सकाळी, स्पिंडल वीस मिनिटं रिकामा फिरवून झाल्यावर होतं. दुसरी गोष्ट पावसाची. पेठचा पाऊस नाशिक शहरापेक्षा कितीतरी जास्त. चार दिवस मशीन बंद राहिलं की टेबलावर तांबूस थर चढतो. काका त्यावर गोणपाट झाकायचे. ते ओल धरून ठेवतं आणि गंज वाढवतं. पडद्याला ठीक, झाकणाला नाही. आता तेलाचा हात आणि वर प्लॅस्टिक, तेही खालून हवा जाईल असं सैल.

नमुन्याच्या १० प्लेट दिवाळीनंतर गेल्या. ९ बसल्या. दहाव्या प्लेटच्या वेळी व्हाइसखाली किस अडकला होता, असं काकांनी फोनवर सांगितलं. ते त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. पुढची ऑर्डर ३० ची आली आहे. काकांनी आता स्वतःची डायल घेतली, आणि पडवीच्या भिंतीवर खडूने तारीख आणि रीडिंग लिहायला सुरुवात केली आहे. पावसाळ्यानंतर डावी-उजवीकडचा फरक ०.०५ भरला. फोनवर मी विचारलं, "हेड सैल केलं का?" तर म्हणाले, "आधी पाणसळ लावली. पुढच्या उजव्या पायाखाली पोकळी निघाली."